कायदा सांगायचा कोणी? शरिया, संसद आणि सार्वभौमत्वाचा न सुटलेला प्रश्न

इस्लाम आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात काय, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांतील वृत्तपत्रांत, विद्यापीठांत आणि तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांच्या बैठकींतही सातत्याने विचारला जातो. उत्तर देणारे बहुधा दोन पक्षांत विभागलेले असतात. एक पक्ष कुराणातील ‘शूरा’, म्हणजे सल्लामसलत, या संकल्पनेचा आधार घेऊन लोकशाही ही मुळातच इस्लामी कल्पना असल्याचे सांगतो. दुसरा पक्ष सार्वभौमत्व केवळ अल्लाहचे या सिद्धांताचा दाखला देऊन ती अशक्य ठरवतो. दोन्ही पक्षांची अडचण अशी की वास्तव त्यांच्यापैकी कोणाचेच ऐकत नाही. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या इंडोनेशियात १९९९ पासून नियमित निवडणुका होत आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेश येथे स्त्रिया मतपेटीच्या मार्गाने पंतप्रधान झाल्या. इराणमध्ये मतदान होते, परंतु मतपत्रिकेवर कोणाची नावे असावीत हे आधीच ठरवले जाते. सौदी अरेबियात राष्ट्रीय पातळीवर निवडून आलेले विधिमंडळच नाही. एकाच धर्मग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या समाजांत एवढी तफावत असेल, तर तिचे कारण ग्रंथाबाहेर शोधणे भाग आहे.

ते शोधताना एक वेगळाच प्रश्न समोर येतो आणि तो अधिक अवघडही आहे: दैवी मानला गेलेला कायदा मानवी भाषेत सांगण्याचा अधिकार कोणाचा? धर्मशास्त्र्यांचा, राजाचा, न्यायाधीशाचा, की निवडून आलेल्या सभेचा? गेल्या शंभर-दीडशे वर्षांतील मुस्लिम समाजांचा घटनात्मक इतिहास बऱ्याच अंशी या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

ग्रंथ एक, मते अनेक

‘शरिया’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाण्याकडे नेणारी वाट. मुस्लिम परंपरेत तो ईश्वरी मार्गाचा वाचक आहे. त्या मार्गाचा शोध घेणाऱ्या मानवी शास्त्राला ‘फिक्ह’ म्हणतात, आणि फिक्हबद्दल एकवाक्यता कधीच नव्हती. सुन्नी पंथात हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली असे चार प्रमुख न्यायसंप्रदाय, शियांमध्ये जाफरी. शिवाय एकेका संप्रदायाच्या आत मतमतांतरे. मुफ्ती देतो ते मत, काझी देतो तो निकाल; एका मुफ्तीचे मत दुसऱ्याला बंधनकारक नसे. मिताक्षरा आणि व्यवहारमयूख यांतील मतभेद ऐकून असणाऱ्या मराठी वाचकाला ही रचना फारशी अपरिचित वाटू नये. राजा कर बसवी, बाजाराचे नियम करी, गुन्हेगारांना शिक्षा देई, त्यासाठी स्वतःचे कानून काढी; विवाह, वारसा, दान, करार यांविषयीचे शास्त्र मात्र दरबाराबाहेरचे विद्वान घडवीत.

कलमांची आणि पोटकलमांची एकच संहिता, जी राज्य लागू करते आणि पोलीस अमलात आणतात, ही शरियाची कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. ऑटोमन साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाची १८५१ कलमांची संहिता तयार केली. हिंदुस्थानात हे काम इंग्रजांनी त्याआधीच आरंभले होते. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेने विवाह, वारसा आदी बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लागू केला, आणि १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मतांच्या प्रवाहातील एक ग्रंथ अशा रीतीने न्यायालयाच्या टेबलावर कायद्याचे पुस्तक होऊन बसला. आज ज्याला सनातन आणि अपरिवर्तनीय म्हणून मिरवले जाते, त्यातील काही भाग कोलकात्याच्या कचेऱ्यांत गोठवला गेला आहे, याची आठवण त्याचे समर्थक ठेवत नाहीत आणि विरोधकही ठेवत नाहीत.

मुंबईतील मुली आणि पंजाबातील पत्नी

१८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन समाजांतील मुलींचे दावे सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर आले. कुराणानुसार पित्याच्या मालमत्तेत आम्हांला वाटा मिळावा, अशी त्यांची मागणी होती. या समाजांची वहिवाट मात्र हिंदू कुटुंबांसारखी होती: मुलींना पोषण आणि लग्नाचा खर्च, मालमत्ता पुरुषांना. पेरी यांनी वहिवाट ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. शरिया म्हणजे स्त्रीच्या हक्कांची गळचेपी असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी हा खटला अवश्य पाहावा. येथे शरिया मागणाऱ्या स्त्रिया होत्या आणि ती नाकारणारे त्यांचेच पुरुष नातलग.

नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, केंद्रीय विधिमंडळाने शरियत कायदा संमत करून अशा वहिवाटी बाजूला सारल्या. उलेमांबरोबर मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनीही त्याला पाठिंबा दिला होता. परंतु कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळण्यात आली. शेतजमीन हा प्रांतांचा विषय, हे तांत्रिक कारण खरेच होते. जमीनदारांची मर्जीही त्यात सांभाळली गेली. त्या काळात बहुतेक कुटुंबांची मालमत्ता म्हणजे जमीन. मुलीला कुराणाने दिलेला वाटा सर्वांत मोलाच्या मालमत्तेपुरता कागदावरही आला नाही. दत्तकविधान, मृत्युपत्रे आणि तत्सम देणग्या यांबाबत शरिया स्वीकारायची की नाही हे प्रत्येकाच्या इच्छेवर ठेवण्यात आले. ही तडजोड बॅरिस्टर जीना यांच्या आग्रहाने झाली.

दोन वर्षांनी आलेला कायदा याहून बोलका आहे. हनफी मतानुसार पत्नीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवण्याचे मार्ग जवळजवळ बंद होते. पती परागंदा झाला तर त्याच्या वयाची माणसे जगण्याची शक्यता संपेपर्यंत, म्हणजे रूढ हिशेबाने तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत, तिने वाट पाहायची. मात्र पत्नीने इस्लामचा त्याग केला तर विवाह आपोआप संपतो, असेही तेच मत सांगे. पंजाबातील काही स्त्रियांनी तीच वाट धरली. छळणाऱ्या किंवा सोडून गेलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी त्या न्यायालयात धर्मत्याग जाहीर करू लागल्या. धर्माचा कायदाच माणसांना धर्माबाहेर ढकलत होता.

कवी आणि विचारवंत मुहम्मद इक्बाल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत या प्रकारावर बोट ठेवले. त्याच व्याख्यानात त्यांनी आणखी एक विचार मांडला: ग्रंथांचा नव्याने अर्थ लावण्याचा, म्हणजे ‘इज्तिहाद’चा अधिकार, सुट्या विद्वानांकडून मुस्लिम विधिमंडळाकडे जावा, कारण आधुनिक काळात समाजाच्या एकमताला, ‘इज्मा’ला, दुसरे रूप शक्य नाही. शंभर वर्षे होत आली तरी या विषयावर यापेक्षा धीट सूचना क्वचितच कोणी केली असेल.

गंमत अशी की प्रत्यक्ष मार्ग काढला तो परंपरावादी देवबंदी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी. त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांशी पत्रव्यवहार केला आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी एक ग्रंथ सिद्ध केला. या बाबतीत मालिकी मत स्वीकारण्यास हरकत नाही, आणि धर्मत्यागाने विवाह तुटत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मालिकी मतात परागंदा पतीसाठी चार वर्षांची मुदत पुरे. या आधारावर विधेयक आले आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा संमत झाला. चार वर्षे पतीचा ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे पोषण न करणे, सात वर्षांचा कारावास, क्रूरता अशी कारणे पत्नीला मिळाली. असे दावे मुस्लिम न्यायाधीशासमोरच चालावेत ही उलेमांची अट मात्र विधिमंडळाने वगळली, आणि उलेमा नाराज झाले. कायद्यातील आशय त्यांचा होता. तो लागू करण्याचा अधिकार त्यांच्या हातून गेला होता. या नाराजीत पुढच्या अनेक वादांचे बीज आहे. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरलेला एकाच दमातील तिहेरी तलाक, या प्रत्येक वेळी तपशिलाइतकाच, कधी त्याहून अधिक, वाद झाला तो निर्णय घेणारे कोण यावर.

औरंगाबाद आणि मिरजोळी

या वादाची दोन टोके सांगणारी माणसे आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत जन्मली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादचा, तेव्हाच्या निजामी राज्यातला. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामीची स्थापना केली. सार्वभौमत्व ईश्वराचे, माणसे त्याचे केवळ प्रतिनिधी, म्हणून जनतेला सरकार निवडता येईल पण ईश्वरी कायदा बदलता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन. या व्यवस्थेला त्यांनी ‘ईश्वरी लोकशाही’ अशा अर्थाचे नाव दिले.

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म १९३२ चा. कायदा नागरिकांनी नागरिकांसाठी करायचा, त्यात धर्मग्रंथाला जागा नाही, ही त्यांची भूमिका. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांसह त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा करा, अशा मागण्या होत्या. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातच महात्मा फुल्यांचा वारसा सांगितलेला होता. १९७७ मध्ये ते अकाली गेले. सात ही संख्या लहान होती हे दलवाईंचे टीकाकार आवर्जून सांगत. तिहेरी तलाकचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून निकालात निघायला त्यानंतर एक्कावन्न वर्षे लागली.

मौदुदींच्या विचाराला पाकिस्तानात राज्ययंत्रणेची कसोटी लागली. तेथील संविधानसभेने १२ मार्च १९४९ रोजी उद्दिष्टांचा ठराव संमत केला आणि सार्वभौमत्व ईश्वराचे असल्याचे जाहीर केले. सभेतील हिंदू सदस्यांनी विरोध केला, तो फेटाळला गेला. १९५३ मध्ये पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीत न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी प्रमुख उलेमांना एकेक करून विचारले, मुसलमानाची व्याख्या काय? कोणत्याही दोन विद्वानांची व्याख्या जुळली नाही, असे त्यांच्या १९५४ च्या अहवालात नमूद आहे. ईश्वराचे सार्वभौमत्व मान्य केल्यावरही त्याच्या वतीने बोलणार कोण हा प्रश्न जागच्या जागी राहिला होता.

जनरल झिया यांनी त्याचे उत्तर सत्तेच्या बळावर दिले. १९७९ मध्ये त्यांनी हुदूद अध्यादेश काढले, १९८० मध्ये संघीय शरियत न्यायालय उभे केले. त्याच न्यायालयाने १९८१ मध्ये व्यभिचारासाठी दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा इस्लामला धरून नाही, असा निकाल दिला. झिया यांनी न्यायपीठाची रचना बदलली, त्यात उलेमा आणले, आणि १९८२ मध्ये फेरविचारात तीच शिक्षा इस्लामला धरून असल्याचे ठरले. ग्रंथ तोच, न्यायालय तेच. बदलली ती बसणारी माणसे, आणि ती बसवणारा हात लष्करी वर्दीतला होता. बलात्काराचा गुन्हा हुदूदच्या कक्षेतून काढून सामान्य दंडसंहितेत आणण्याचे काम २००६ मध्ये संसदेने केले.

इराण: शास्त्र्यांचे राज्य आणि राज्याची निकड

इराणमध्ये हा झगडा अधिक जुना आहे. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीने मजलिस दिली. १९०७ च्या पुरवणी कायद्याने किमान पाच मुज्तहिदांची समिती नेमून तिला धर्मविरोधी विधेयके अडवण्याचा अधिकार दिला. ती व्यवस्था नीट कधी चाललीच नाही. इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानात या प्रयोगाला धोक्याचा म्हटले होते. शियांमधील विद्वानही एकमताचे नव्हते. शेख फजलुल्लाह नूरी यांना कायदे करणारी सभाच अमान्य होती. क्रांतिपक्षाने त्यांना १९०९ मध्ये तेहरानात फाशी दिले. त्याच वर्षी अयातुल्ला नाईनी यांनी ग्रंथ लिहून घटनात्मक शासनाचे धार्मिक समर्थन केले. निर्दोष इमाम गुप्त असताना कोणताही राजा अन्यायीच. मग त्याच्या अन्यायाला मर्यादा घालणारी घटना बरी, असा त्यांचा युक्तिवाद.

१९७९ मध्ये खोमेनी यांनी तिसरा मार्ग घेतला: राज्यच धर्मशास्त्र्याच्या हाती. बारा सदस्यांचे संरक्षक मंडळ नेमले गेले. त्यातील सहा फकीह सर्वोच्च नेता नेमतो. मजलिसचा प्रत्येक कायदा या मंडळाच्या चाळणीतून जातो, आणि निवडणुकीचे उमेदवारही. मजलिसने कामगारांसाठी, जमीनवाटपासाठी कायदे केले. मंडळाने ते शरियाच्या खासगी मालमत्तेविषयीच्या नियमांत बसत नाहीत म्हणून अडवले. अखेर जानेवारी १९८८ मध्ये खोमेनी यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खामेनेई यांना पत्र लिहिले. इस्लामी शासन हाच प्राथमिक आदेश असून तो नमाज, रोजे आणि हज यांच्याही आधी येतो, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढच्याच महिन्यात राज्याचे हित पाहणारी परिषद स्थापन झाली, आणि मंडळ व मजलिस यांच्यातील वाद तिच्याकडे गेले. शरिया सर्वोच्च राहावी म्हणून उभारलेल्या राज्याने नऊ वर्षांत राज्याची निकड शरियाच्या वर ठेवली. ही गरज सर्व सरकारांना पडते. लोकशाहीत ती ठरवणाऱ्यांना मतदार घरी पाठवू शकतात. तेहरानात तसा मार्ग नाही.

सात शब्द आणि एक कलम

इंडोनेशियाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. १९४५ च्या घटनेच्या मसुद्यात मुसलमानांवर शरिया पाळण्याचे बंधन घालणारे सात शब्द होते. १८ ऑगस्ट १९४५ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी, ते वगळण्यात आले. पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेश फुटून निघण्याची भीती होती, आणि मोहम्मद हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांचे मन वळवले. २००२ मध्ये ते शब्द परत आणण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत नहदतुल उलेमा आणि मुहम्मदिया या देशातील दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटना होत्या. शरिया पाळणे ही श्रद्धाळूची जबाबदारी, ती राज्याकडे सोपवली तर राज्याचे अधिकारी धर्म सांगू लागतील, ही भीती धार्मिक संघटनांनाही वाटू शकते. आचे प्रांतात विशेष स्वायत्ततेखाली शरिया लागू आहे आणि जाहीर फटके मारले जातात; त्यामुळे इंडोनेशियाचे चित्र निर्मळ म्हणता येणार नाही.

ट्युनिशियात बुर्गिबा यांनी १९५६ मध्येच बहुपत्नीत्व बंद केले, पण ते हुकूमशहाच्या फर्मानाने. अतातुर्क आणि अयुब खान यांच्या सुधारणांप्रमाणेच ती वरून आली. २०११ च्या क्रांतीनंतर इस्लामी विचारांच्या अन्नहदा पक्षाने नव्या घटनेत शरियाचा उल्लेख नको, असे २०१२ मध्ये मान्य केले, आणि २०१४ ची घटना तडजोडीतून साकारली. वारशात स्त्री-पुरुषांना समान वाटा देण्याच्या राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांच्या २०१८ च्या प्रस्तावाला याच पक्षाने विरोध केला, आणि तो बारगळला. म्हणजे मतभेद होते आणि ते संसदेत लढवले जात होते. तो रंगमंचच जुलै २०२१ मध्ये बंद झाला. संसद स्थगित करणारे कैस सईद हे धर्मशास्त्री नव्हेत, घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या २०२२ च्या घटनेतील पाचव्या कलमाने इस्लामची उद्दिष्टे साध्य करणे हे राज्याचे, आणि केवळ राज्याचेच, काम ठरवले. अन्नहदाचे नेते घनूशी २०२३ पासून तुरुंगात आहेत.

ब्रिटनमधील निकाह

मुस्लिम अल्पसंख्य असलेल्या देशांत हाच प्रश्न लहान आकारात, पण घराच्या दारात येतो. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून शरिया परिषदा आहेत. त्यांना न्यायालयाचा दर्जा नाही आणि त्यांचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही. प्राध्यापिका मोना सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील २०१८ च्या शासकीय पाहणीत आढळले की तेथे येणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आणि त्या येतात प्रामुख्याने धार्मिक घटस्फोटासाठी. यांपैकी अनेकींचा निकाह झालेला असतो, पण नागरी नोंदणी झालेली नसते. पतीला तोंडाने तलाक देता येतो, पत्नीला परिषदेकडे जावे लागते. परिषदा बंद कराव्यात अशी मागणी त्या वेळी जोरात होती. पाहणीने वेगळी शिफारस केली. निकाहाच्या आधी किंवा त्याबरोबर नागरी विवाह अनिवार्य करावा, म्हणजे स्त्रीला देशाच्या न्यायालयाचे दार खुले राहील.

फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नोंदणीविना झालेला निकाह हा कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे, तो रद्दबातल विवाहसुद्धा नव्हे, असा निर्णय दिला. अशा निकाहातील पत्नीला पोटगीचा किंवा पतीच्या मालमत्तेतील वाट्याचा दावा पत्नी या नात्याने करता येत नाही. समाजाच्या आणि स्वतःच्या श्रद्धेच्या लेखी मात्र ती विवाहित असते, आणि पती तलाक द्यायला तयार नसेल तर पुन्हा लग्न करण्यासाठी तिला त्याच परिषदेचे दार ठोठावावे लागते.